पावसाळ्यात अ‍ॅक्शन चढते, फेब्रुवारीत तारा झणझणतात: सॅडल घासण्याआधी हे तपासा

घरी बांधलेल्या अकूस्टिक गिटारची ही तक्रार दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येते. मे अखेरपर्यंत गिटार छान वाजते. जुलै अर्धा सरला की बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तारा एवढ्या वर गेलेल्या असतात की बार कॉर्ड धरताना मनगट भरून येतं. मग सॅडल (पेटीच्या बाजूला तारा टेकतात ती पातळ पट्टी) काढायचं, खालून पॉलिश पेपरवर घासायचं, परत बसवायचं. अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) उतरते, जिवाला बरं वाटतं. थंडी सरत आली की त्याच गिटारच्या तारा फ्रेटवर आपटून झणझणायला लागतात, फ्रेटची टोकं हाताला टोचतात आणि एप्रिलमध्ये ब्रिजच्या (सॅडल बसतं त्या लाकडी ठोकळ्याच्या) मागे एक बारीक चीर दिसते. मग नवं, उंच सॅडल. पुढच्या जुलैत पुन्हा घासणं.

यात सॅडलचा दोष नसतो. ट्रस रॉडचाही (दांड्याच्या आतल्या, त्याचा बाक बदलणाऱ्या सळईचाही) क्वचितच असतो. टॉपला (पेटीच्या वरच्या पाटीला) आतून ब्रेसेस, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, चिकटवल्या त्या दिवशी टॉपच्या लाकडात किती ओलावा होता, तिथे बहुतेक वेळा या दुखण्याचं मूळ सापडतं. तो दिवस ऑगस्टमधला असेल तर पुढचं सगळं आपोआप घडत जातं. म्हणून आधी बांधलेल्या गिटारची तपासणी बघू, मग पुढची गिटार बांधताना काय करायचं ते.

आधी मोजा

कागद-पेन्सिल घ्या आणि चार आकडे एकाच वेळी लिहा: खोलीतली आर्द्रता, बाराव्या फ्रेटवरची अ‍ॅक्शन, नेकचा (दांड्याचा) रिलीफ, म्हणजे त्याचा किंचित बाक, आणि टॉपचा फुगवटा.

आर्द्रतेसाठी साधा डिजिटल हायग्रोमीटर चालतो, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. स्वस्तातले मीटर पाच-सात टक्के इकडेतिकडे दाखवतात. तपासायची युक्ती जुनी आणि फुकटची आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून जाता कामा नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. मिठाच्या अशा लगद्यावरची हवा 25 अंशांच्या आसपास 75 टक्के आर्द्रतेला स्थिर होते. सकाळी मीटर 70 दाखवत असेल तर तो पाच टक्के कमी दाखवतो, एवढं त्याच्या पाठीवर लिहून टाका.

अ‍ॅक्शन म्हणजे बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर. स्टीलच्या तारांच्या गिटारला जाड ई तारेखाली साधारण 2.4 मिलिमीटर आणि बारीक ई खाली 1.8 च्या आसपास असेल तर बहुतेक हातांना ठीक वाटतं. रिलीफसाठी जाड ई तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून धरा आणि सातव्या फ्रेटशी फट बघा. 0.15 ते 0.3 मिलिमीटर हवी. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारा फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांचा संच) इथे उत्तम.

चौथं मोजमाप बहुतेक जण घेतच नाहीत, आणि खरी गोष्ट तेच सांगतं. स्टीलची लांब सरळ पट्टी ब्रिजच्या लगेच मागे, तारांना काटकोनात, टॉपवर आडवी ठेवा. टॉप वर फुगलेला असेल तर पट्टी मध्यावर टेकून दोन्हीकडे डुलते आणि कडांशी फट दिसते. टॉप खाली बसला असेल तर पट्टी दोन कडांवर टेकते आणि मधून उजेड येतो. 28 फूट त्रिज्येच्या डिशमध्ये (उथळ, खोलगट साच्यात) बांधलेल्या टॉपला 400 मिलिमीटर रुंदीवर मध्यभागी सुमारे 2.3 मिलिमीटर फुगवटा असतो. तुमच्या गिटारला मुळात किती होता ते बांधतानाच लिहून ठेवलेलं असलं तर सोन्याहून पिवळं.

आता हिशेब. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे ब्रिज 1 मिलिमीटर वर उचलला गेला की बाराव्या फ्रेटवर अ‍ॅक्शन अर्धा मिलिमीटर वाढते. जुलैत अ‍ॅक्शन 2.4 वरून 3.2 झाली, रिलीफ जवळजवळ तेवढाच राहिला आणि पट्टीच्या कडांची फट दीड मिलिमीटरने वाढली, तर सगळी वाढ टॉपच्या पोटातून आली आहे. ट्रस रॉड पिळून ती जाणार नाही. ट्रस रॉड नेकचा बाक बदलतो, टॉपचा नाही. तो पिळून अ‍ॅक्शन उतरवायला गेलात तर नेक सपाट होऊन पहिल्या चार-पाच फ्रेटवर झणझण सुरू होईल आणि वरच्या फ्रेटवर तारा उंचच राहतील.

लाकूड किती हलतं

लाकूड रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ओलाव्याने जवळपास बदलत नाही. रुंदीत बदलतं. सिट्का स्प्रूसचा क्वार्टर-सॉन (वाढीच्या वलयांना काटकोनात चिरलेला) टॉप घेतला तर लाकडातला ओलावा एक टक्का कमी-जास्त झाला की 400 मिलिमीटर रुंदीत सुमारे 0.6 मिलिमीटरचा फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हवेच्या आर्द्रतेप्रमाणे लाकडाचा ओलावा बराच बदलतो: हवा 45 टक्क्यांवर असेल तर लाकूड सुमारे 8 टक्क्यांवर स्थिरावतं, 80 टक्के हवेत ते 16 च्या जवळ जातं, 30 टक्के हवेत 6 वर येतं.

ऑगस्टमध्ये मुंबईत, ठाण्यात, रत्नागिरीत उघड्या खोलीत ठेवलेला टॉप 16 टक्क्यांच्या आसपास असणार. त्याला त्या दिवशी ब्रेसेस चिकटवल्या आणि ती गिटार एप्रिलमध्ये नागपूरच्या किंवा पुण्याच्या कोरड्या दुपारी 30 टक्के हवेत आली, तर टॉपला रुंदीत जवळपास 6 मिलिमीटर आकसायचं असतं. आतल्या ब्रेसेस त्याला आडव्या जातात, त्या लांबीत आकसत नाहीत. कडेला साइड्स (पेटीच्या बाजूच्या वाकवलेल्या पट्ट्या) घट्ट धरून बसलेल्या असतात. तेव्हा टॉप आधी आत बसतो, आणि तेवढ्याने भागलं नाही की फाटतो. तोच टॉप 45 टक्के हवेत 8 टक्क्यांवर आणून चिकटवला असता तर त्याच एप्रिलमध्ये त्याला सव्वा मिलिमीटरच आकसावं लागलं असतं. तेवढं तो फुगवट्यात पचवतो. टॉप सपाट न बांधता किंचित घुमटाकार बांधतात त्याचं एक कारण हेच: कोरडेपणात खाली यायला थोडी जागा हाताशी राहते.

ओल्या बाजूला उलटं घडतं. टॉप रुंदीत पसरू बघतो, आतली ब्रेस पसरत नाही, म्हणून पाटी बाहेरच्या बाजूला फुगते आणि ब्रिजला वर उचलते. जुलैतली अ‍ॅक्शन ती हीच.

म्हणजे कोरडं बांधलेली गिटार पावसाळ्यात फुगते, ओलं बांधलेली उन्हाळ्यात फाटते. फुगल्याचा त्रास हाताला होतो आणि सॅडल बदलून निभावतो. फाटल्याचा त्रास लाकडाला होतो. म्हणून कोकणात राहणाऱ्यानेही टॉप 45 टक्क्यांच्या आसपासच चिकटवावा या मताचा मी आहे. काही जण म्हणतात, इथे वर्षभर हवा दमट, मग 60 टक्क्यांवर बांधायला काय हरकत? हरकत ही की गिटार एका जागी राहत नाही. एसीच्या खोलीत जाते, घाटावर जाते, भावाच्या मुलीबरोबर टोरांटोला जाते. तिथे हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात हवा 20-25 टक्क्यांवर येणं काही विशेष नाही.

दुकानातल्या स्वस्त गिटारला हे दुखणं फारसं जडत नाही, कारण तिचा टॉप प्लायचा असतो. थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असल्याने तो रुंदीत फारसा हलत नाही. आवाजही तितकाच कमी हलतो, ते वेगळं.

ओलावा नाही, दुसरंच काही आहे का

अ‍ॅक्शन चढण्याची आणखी तीन-चार कारणं असतात आणि ती ओलाव्याच्या पांघरुणाखाली लपतात. ओळखायचा सरळ मार्ग म्हणजे गिटार आठवडा-दहा दिवस 45-50 टक्के आर्द्रतेत ठेवून चारही आकडे परत घेणं. केसमध्ये 49 टक्क्यांचं दुतर्फा (ओलावा शोषणारं आणि सोडणारंही) आर्द्रता-पाकीट टाका, किंवा पुढे दिलेलं उबदार कपाट वापरा. मात्र तार चढवलेली गिटार कपाटात ठेवायची तर तारा सैल करा. हलक्या गेजच्या बारा नंबर संचाचा (सर्वांत बारीक तार 0.012 इंच) एकूण ताण 70 ते 75 किलोच्या घरात असतो. उबेत गोंद मऊ पडतो, त्यात एवढा ताण नको.

आकडे मूळ पदावर आले तर दोष हवेचा. आले नाहीत तर आत आरसा आणि टॉर्च घाला. ब्रेसच्या टोकांखाली पातळ कागद सरकतो का बघा. सुटलेली ब्रेस टॉपवर बोटाच्या पेराने टकटक करताना खरखरीत, फाटका आवाज देते. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद शिरत असेल तर ब्रिज उचलतोय.

एक कारण हौशी लोकांच्या गिटारमध्ये जास्त सापडतं: गोंदाचा सरक. फर्निचरला लावतात तो पांढरा पीव्हीए गोंद सुतारकामाला चांगला, पण सतत ताणाखाली आणि उष्णतेत तो हळूहळू सरकतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत गिटार राहिली की नेकचा सांधा आणि ब्रिज दोन्ही अर्धा-पाऊण मिलिमीटर जागा सोडतात. ही चढलेली अ‍ॅक्शन हिवाळ्यात उतरत नाही, आणि ओलाव्याच्या दुखण्यापासून ती वेगळी ओळखू येते ती यावरूनच. ब्रिज आणि ब्रेसेसना गरम सरस सर्वांत भरवशाचा. तो वाळला की काचेसारखा कडक होतो आणि सरकत नाही. सरस जमत नसेल तर वाद्यांसाठी वापरतात तो पिवळा अ‍ॅलिफॅटिक गोंद घ्या.

उबदार कपाट

डीह्युमिडिफायर असेल तर खोली 45-50 वर आणा आणि हा भाग सोडून द्या. एसीचा ड्राय मोड मुंबईच्या जुलैत खोली 55-60 पर्यंत आणतो, क्वचित त्याखाली. तेवढ्याने काम अर्धंच होतं.

त्याहून स्वस्त उपाय उष्णतेचा आहे. हवेतली वाफ तेवढीच ठेवून हवा तापवली की सापेक्ष आर्द्रता उतरते. 27 अंश आणि 85 टक्क्यांची पावसाळी हवा 38 अंशांपर्यंत तापवली की ती सुमारे 46 टक्क्यांवर येते. बरोबर आपल्याला हवी तिथे. म्हणजे जुनं लोखंडी कपाट किंवा प्लायची पेटी, तळाशी एक-दोन 60 वॉटचे पिवळे (एलईडी नव्हे, तारेचे) बल्ब आणि अंडी उबवण्याच्या यंत्रात असतो तसला थर्मोस्टॅट एवढं पुरतं. खाली-वर बोटभर भोकं ठेवा, नाहीतर लाकडातून निघालेली वाफ आतच फिरत राहील. बल्ब आणि लाकडात पत्र्याची आड ठेवा, तळाशी भुसा-छिलके साचू देऊ नका, आणि घरात कोणी नसताना चालू ठेवू नका.

टॉपचे दोन भाग जोडून, रोझेट (भोकाभोवतीची नक्षी) बसवून, जाडी तीन मिलिमीटरच्या जवळ आणली की टॉप कपाटात कडेवर उभा ठेवा, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असा. आडवा ठेवलात तर एका अंगाने आधी वाळून उन्हातल्या पापडासारखा वळेल.

तो तयार झाला हे कसं कळणार? टोचून बघायचे मॉइश्चर मीटर तीन मिलिमीटरच्या पाटीवर फार भरवशाचे नसतात, शिवाय टॉपला दोन भोकं पडतात. किचनचा वजनकाटा घ्या. टॉपमधूनच निघालेल्या तुकड्याची एक पट्टी कापा आणि टॉपबरोबर त्याच क्षणी तिचंही वजन करा. पट्टीसाठी सोनाराकडे असतो तसला 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा. मग ती पट्टी ओटीजीमध्ये 103 अंशांच्या आसपास ठेवा आणि दर तासाला तोला. वजन घटायचं थांबलं की ते कोरडं वजन. समजा पट्टी 23.2 ग्रॅमवरून 20 ग्रॅमवर आली, तर ओलावा 16 टक्के होता. त्या वेळी टॉप 280 ग्रॅम असेल तर 8 टक्क्यांना त्याचं वजन 280 गुणिले 1.08 भागिले 1.16, म्हणजे 261 ग्रॅमच्या आसपास यायला हवं. तो आकडा पेन्सिलीने टॉपच्या आतल्या बाजूला लिहा आणि काटा तिथे येऊन दोन दिवस टिकेपर्यंत थांबा. एक टक्का ओलावा म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा आत, त्यामुळे एक ग्रॅम दाखवणारा काटाही इथे पुरेसा नेमका आहे.

ब्रेसेस तासून, कमानीला घासून, कोरड्या बसवून बघून आधीच तयार ठेवा. टॉप कपाटातून काढल्यावर शोधाशोध नको. गरम लाकडावर पिवळा गोंद पाच मिनिटांत धरायला लागतो, म्हणून टॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पंधरा मिनिटं निवू द्या. पिशवी यासाठी की निवताना तो खोलीतला ओलावा ओढणार नाही. कोरी पाटी पावसाळी हवेत अर्ध्या तासात काट्यावर दिसेल इतकी जड व्हायला लागते. मग डिशवर टॉप, त्यावर ब्रेसेस, आणि गो-बारऐवजी (ब्रेसेस वरून दाबून धरणाऱ्या लवचिक काड्यांऐवजी) बांबूच्या कांबी चालतात. कांबी बसल्या की सगळा संच उचलून पुन्हा कपाटात, किंवा डिश मोठी असेल तर वरून प्लॅस्टिकचा कागद टाकून रात्रभर. गोंदातलं पाणीही लाकडात जातं, ते निघून जायला एक-दोन दिवस द्या आणि मगच ब्रेसेस कोरायला घ्या.

बॅकला (मागच्या पाटीला) हेच सगळं लागू, किंबहुना जास्त. शिसवाची बॅक क्वार्टर-सॉन असेल तर शिसव स्प्रूसपेक्षा कमी हलतो. पण हौशी माणसाच्या हाती पडणारी फळी बऱ्याचदा सपाट चिरलेली असते, आणि सपाट चिरलेला शिसव दुप्पट आकसतो. बॅकच्या ब्रेसेस तर सरळ आडव्या, टॉपच्या एक्स ब्रेसिंगसारख्या तिरक्या नाहीत, त्यामुळे बॅकला हालचालीला वावच मिळत नाही. 15 फूट त्रिज्येच्या डिशमध्ये बॅक बांधतात तेव्हा 400 मिलिमीटरवर 4.4 मिलिमीटर फुगवटा येतो. तो कमी करू नका.

एका ठिकाणी मात्र बरेच जण घसरतात. टॉप-बॅकच्या ब्रेसेस नीट कोरड्यात चिकटवतात आणि नंतर पेटी बंद करायचं काम श्रावणातल्या एका रविवारी उरकतात. मधल्या पंधरवड्यात दोन्ही पाट्या भिंतीवर टांगलेल्या असतात, त्या पुन्हा 16 टक्क्यांवर जाऊन फुगून बसलेल्या असतात. साइड्सना त्या तशा फुगलेल्या अवस्थेत चिकटल्या की घेराचं माप कायमचं ओलं ठरलं. पेटी बंद करण्याआधी पाट्या परत कपाटात, परत काट्यावर. ब्रेसेससकट वजन अर्थातच वेगळं असतं, म्हणून ब्रेसेस कोरून झाल्या की कोरड्या अवस्थेतलं वजन नव्याने लिहून ठेवायचं.

पॉलिशने ओलावा थांबतो का

थांबत नाही. उशीर लावतो. चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) थर वाफ अडवण्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरपेक्षा बरे, आणि जवस तेलासारखी तेलं जवळजवळ काहीच अडवत नाहीत. पण गिटारची आतली बाजू कोरी असते आणि मधोमध चांगलं चार इंचांचं भोक असतं. पावसाळा चार महिने चालतो, पॉलिश फार तर काही आठवडे तग धरतं. आतून चपड्याचे दोन पातळ हात दिले तर वेग आणखी मंदावतो. दिवसा एसी आणि रात्री खिडक्या उघड्या अशा घरात त्याचा उपयोग होतो. ओलं बांधलेल्या टॉपला वाचवायला तो पुरत नाही.

पॉलिशचं स्वतःचं पावसाळी दुखणं वेगळं. एनसी लॅकर फवारल्यावर थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि सगळं दुधाळ होतं. चपड्यालाही होतं, विशेषतः स्पिरिटमध्ये पाणी असेल तर. दुधाळपणा ताजा असताना लॅकरवर रिटार्डर (थिनर उडणं मंदावणारं द्रव्य) घातलेल्या थिनरचा पातळ फवारा, आणि चपड्यावर शुद्ध स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेल्या बोळ्याचा हलका हात, एवढ्याने तो बहुतेक वेळा निघतो. रिटार्डर घालून पावसात काम रेटता येतं खरं, पण लॅकर मग आठवडेच्या आठवडे मऊ राहतं.

चपडा चिकट राहतो ही तक्रार पावसावर ढकलली जाते, पण बऱ्याचदा बाटली जुनी असते. स्पिरिटमध्ये विरघळलेला चपडा महिन्यांगणिक बदलतो आणि मग कधीच नीट कडक होत नाही. गेल्या दिवाळीत भिजवलेला चपडा यंदाच्या गिटारला लावू नका. काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाका. दुसऱ्या दिवशी नखाचा ओरखडा उठत असेल तर बाटली फर्निचरला द्या. ताजं करायचं तर एक लिटर स्पिरिटला मेण काढलेला चपडा 120 ते 240 ग्रॅम, बोळ्याच्या कामाला पातळच बरा. मिरजेत सतारी-तंबोऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या चपडाच लागत आलाय, तेव्हा हा आपल्याकडचाच माल आहे, परदेशी किट मागवायची गरज नाही.

ओल्या लाकडावर उन्हाळ्याआधीच पॉलिश चढवलं तर आणखी एक गोष्ट दिसते, ती मात्र उशिरा. फेब्रुवारीत शिसवाच्या रंध्रांतलं भरण खाली बसतं आणि आरशासारख्या बॅकवर बारीक खड्डे उमटतात. बाइंडिंगच्या (पेटीच्या कडेने बसवलेल्या पट्टीच्या) कडेशी नख अडतं, कारण प्लॅस्टिकचं बाइंडिंग होतं तिथेच राहिलं आणि लाकूड मागे सरकलं. टॉपच्या मधल्या सांध्याची रेष वर येते. हे पॉलिशचे दोष समजून पुन्हा घासून थर चढवले तर पुढच्या पावसात तीच रेष दुसऱ्या बाजूला फुगेल. लाकूडकाम कपाटाच्या आधाराने पावसाळ्यात करा, पॉलिश ऑक्टोबर अर्धा झाल्यावर काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे पॉलिशचा खरा हंगाम.

बांधून झालेली गिटार

आता हाती असलेली, ओली बांधली गेलेली गिटार. 45-50 टक्क्यांत आठ-दहा दिवस ठेवूनही पट्टीखाली मधून उजेड येतो, टॉप बसलेलाच आहे. अशी गिटार उघडून पुन्हा ब्रेसिंग करायचा मोह होतो. पहिली-दुसरी गिटार असेल तर करू नका. बॅक काढताना बाइंडिंग जातं, पॉलिश जातं, आणि साइड्सचा आकार सैलावतो तो वेगळाच. त्याऐवजी तिला केसमध्ये 55-60 टक्क्यांवर ठेवा, त्या टॉपला तीच हवा मानवते. कोकणातल्या घरात नोव्हेंबर ते मे एवढेच महिने काळजी घ्यावी लागेल.

45 टक्क्यांवर व्यवस्थित असलेली आणि फक्त पावसात चढणारी गिटार निरोगी आहे. तिला दोन सॅडल करा. हाडाचा एक पांढरा तुकडा आणखी लागतो, एवढाच खर्च. पावसाळी सॅडल ठरवताना बाराव्या फ्रेटवर जेवढं उतरवायचं त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढायचं: अ‍ॅक्शन 0.4 उतरवायची तर 0.8 मिलिमीटर. तळ काटकोनात, सपाट. तळ गोल राहिला तर पिकअप असलेल्या गिटारला आवाज असमान येतो. एकाच्या खाली पेन्सिलीने "पा" आणि दुसऱ्याच्या खाली "उ" लिहा, कारण सहा महिन्यांनी दोन्ही सारखीच दिसतात.

पावसाळ्यात नेक रिसेट करायला (सुटा करून कोन बदलायला) काढू नका, ब्रिज उतरवून पातळ करू नका, आणि फ्रेटची टोचणारी टोकं फेब्रुवारीतच कानसीने घासा. ती घासली की सहसा परत टोचत नाहीत, कारण फ्रेटबोर्ड सर्वांत अरुंद असतानाच तुम्ही माप घेतलेलं असतं.

चीर पडलीच असेल तर पहिलं काम तिच्यात काहीही न भरणं. गोंद, पुटी, सुपरग्लू, लाकडाची भुकटी, काहीच नाही. गिटार केसमध्ये ठेवा, आर्द्रता हळूहळू 50-55 पर्यंत वाढवा आणि आठवडाभर वाट बघा. बहुतेक ताज्या चिरा आपोआप मिटतात. मिटली की दोन्ही बाजूंनी अंगठ्याने किंचित खाली-वर करत पातळ गरम सरस आत जिरवा, वर ओलं फडकं फिरवून जादा पुसा. आतून स्प्रूसचे छोटे तुकडे चिकटवा, साधारण 12 मिलिमीटर चौरस आणि दीड-दोन मिलिमीटर जाड, त्यांच्या रेषा टॉपच्या रेषांना आडव्या. कडा तासून उतरत्या करा, नाहीतर तिथून नवी चीर निघते. साउंडहोलमधून हात पोचत नाही तिथे तुकड्यातून गिटारची जुनी तार ओवून वरून ओढून धरता येतं. 50-55 टक्क्यांवरही चीर उघडीच राहिली तर लाकूड कायमचं आकसलं आहे. मग त्याच रेषांची स्प्रूसची पातळ चिप तासून आत बसवावी लागते. आणि चीर ज्या दिवशी मिटवली त्या दिवसाची आर्द्रता लिहून ठेवा, कारण ती परत उघडली तर पहिला प्रश्न तोच येणार.

गिटार परदेशी जाणार असेल तर तारा एक-दोन स्वर उतरवा, केसमध्ये 49 टक्क्यांची दोन पाकिटं टाका, एक हेडस्टॉकपाशी (खुंट्यांच्या टोकापाशी) आणि एक साउंडहोलमध्ये जाळीच्या पिशवीत. पोचल्यावर केस लगेच उघडू नका, असं घेणाऱ्याला आधीच बजावा. खोलीच्या तापमानाला यायला तिला अर्धा दिवस द्यावा. "उ" लिहिलेलं सॅडल बसवून पाठवा आणि "पा" लिहिलेलं केसच्या खणात टाका, तिकडचा ऑगस्टही काही ठिकाणी चांगलाच दमट असतो.